ओट्यासमोरची रांग

राजूर
१७ नोव्हेंबर २०२४

बाई,

नमस्कार. तुमचा फोन येऊन गेला असं आमच्या सौ. गोजराने सांगितलं. मी खळ्यात होतो. घरात असतो तरी फारसा उपयोग झाला नसता. फोनवर मला आता माणसाचा आवाज येतो, शब्द येत नाहीत. शेजारच्या वर्गात कुणी शिकवत असावं तसं वाटत राहतं. तुम्ही इतकी वर्षं माझ्या शेजारच्याच वर्गात मराठी शिकवलंत, त्यामुळे ही सवय जुनीच म्हणायची. मात्र तुम्ही पारनेरला मुलाकडे राहायला गेल्यापासून आपलं बोलणं अडलं ते अडलंच. म्हणून आता पत्र.

भात झोडता झोडता एक खूळ डोक्यात आलं. समजा, उद्या सकाळी उठल्यावर डोळ्यांची आणि कानांची कामं आपसांत बदलली. डोळ्यांनी ऐकू यायला लागलं आणि कानांनी दिसायला. डोळ्यांना पापण्या आहेत. म्हणजे नकोसं बोलणं सुरू झालं की पापण्या मिटायच्या, मिटला प्रश्न. मुख्याध्यापकांच्या बैठका किती सुखात गेल्या असत्या. पण कान मिटता येत नाहीत, त्यामुळे दिसणं कधीच थांबणार नाही, झोपेतसुद्धा छप्पर दिसत राहणार. शिवाय कान पडले दोन बाजूंना. पंगतीत डावीकडचा दिसेल, उजवीकडचा दिसेल, समोरचं ताट तेवढं दिसणार नाही. जेवायचं तर ताटाला आडवं बसायला लागेल.

हे गोजराला सांगितलं. ती म्हणाली, "मंग तुमी माझ्याफुडं डोळं मिटूनच बसला असता. आत्ता निदान कान उघडं दिसत्यात."

सोबत एक कागद पाठवतो आहे. डावीकडे फुली, उजवीकडे ठिपका. आठवीच्या मुलांना हा खेळ मी दर वर्षी दाखवायचो. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघा आणि कागद हळूहळू जवळ आणा. एका जागी ठिपका नाहीसा होतो. डोळ्यातली नस जिथून मेंदूकडे जाते, तेवढ्या जागी आपल्याला दिसतच नाही. पण त्या जागी भोकही दिसत नाही. कोरा कागद दिसतो. तो कागद तिथे कुणी आणून ठेवला, हे मुलांना विचारायचो. आता तुम्हाला विचारतो.

तुमचा
रंगनाथ


पारनेर
३ डिसेंबर २०२४

सर,

अक्षर एवढं मोठं बघून दचकू नका. अनन्याचं जाड स्केचपेन हाताशी आलं, त्यानेच लिहायला बसले. नात बारावीला आहे, त्यामुळे घरात पेनांना तोटा नाही. मुलगा अमृत सकाळी नगरला नोकरीवर जातो तो संध्याकाळी येतो. सूनबाई पूजा घर आणि शिकवण्या दोन्ही सांभाळते. दुपार तेवढी माझी एकटीची.

फुलीचा खेळ करून पाहिला. माझ्याकडे ठिपक्याऐवजी फुलीच आधी गेली. कागद उलटा धरला असेन.

तुमचं खूळ मलाही लागलं. आता माझं एक ऐका. समजा, एक बाई आहे, वयाने आपल्याएवढी. दुपारी घरासमोरच्या ओट्यावर बसली की समोरच्या भिंतीलगत तिला मुलांची रांग दिसते. गडद निळे कपडे, डोक्यावर उंच टोप्या, आणि टोप्यांवर विटांसारखी नक्षी. मुलं हलतात, एकमेकांकडे वळतात, पण आवाज अजिबात नाही. चेहरे इतके स्वच्छ की पापण्यांचे केस वेगवेगळे दिसावेत. एरवी तिला इतकं स्वच्छ काहीच दिसत नाही. ती जन्मभर मुलांत वावरलेली आहे, म्हणून एकेक चेहरा आठवून पाहते. त्यातलं एकही तिच्या ओळखीचं नाही. डोळे मिटले की रांग जाते. उघडले की कधी असते, कधी नसते.

स्वप्न म्हणावं तर ते डोळे मिटल्यावर पडतं, इथे सगळं उलटं. मग ही मुलं तिच्या डोळ्यांत आहेत की डोक्यात? आणि तिने घरच्यांना सांगावं का?

सवडीने उत्तर द्या. घाई नाही.

शोभा


राजूर
२० डिसेंबर २०२४

बाई,

तुम्हाला मराठीच्या तासाला बसवून शाळेने चूक केली. इतकं सुरेख कोडं मला आयुष्यात कुठल्या विद्यार्थ्याने घातलं नाही. त्या विटांच्या टोप्या कुठून सुचल्या? दोन दिवस मी गोठ्यात, बांधावर, राजूरच्या बाजारात तीच रांग घेऊन फिरलो. गोजरा म्हणाली, "लई दिसानं खुशीत दिसताय."

माझं उत्तर असं. डोळे मिटल्यावर रांग जाते, म्हणजे डोळ्यांचा काहीतरी संबंध आहे. पण ओळखीचं कुणीच नाही, म्हणजे आठवणींच्या पेटीतून काही निघालेलं नाही. कुणीतरी नव्याने चित्र काढतंय. कोण, ते मला सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही म्हणूनच मजा आहे.

मात्र खरं-खोटं ठरवणं सोपं आहे. मी त्या बाईच्या जागी असतो तर उठून सरळ त्या रांगेत शिरलो असतो. कुणी धडकलं तर खरं, नाही धडकलं तर खोटं. याहून स्वस्त प्रयोग नाही.

आणि घरच्यांना सांगायचं कशाला? आपल्याकडे सांगितलं की एक जण देवऋष्याचा पत्ता देईल, दुसरा वेड्यांच्या डॉक्टरचा. त्या बाईने गुपचूप गंमत बघावी. तिकीट न काढता खेळ चालला आहे.

अजून कोडी पाठवा.

रंगनाथ


पारनेर
१४ जानेवारी २०२५

सर,

संक्रांतीचा तिळगूळ पत्रात बसत नाही, तेव्हा नुसतं गोड बोला.

तुमचा प्रयोग त्या बाईने केला. आधी तिला फार अवघड गेलं, कारण समोर लहान मूल दिसत असताना त्याच्या अंगावर पाऊल टाकायचं म्हणजे सगळ्या सवयीच्या विरुद्ध. पण ती गेली. कुणी धडकलं नाही. एका मुलाचा खांदा तिच्या कोपरातून निघून गेला. घरात येऊन ती थोडी बसली आणि तिला बरं वाटलं. आता रांग दिसली की ती वळसा घालत नाही. तुमचे आभार मानायला सांगितलं आहे तिने.

इकडे पूजाच्या आईंचं वर्षश्राद्ध झालं. शेवटची काही वर्षं त्या इथेच होत्या. भिंतीशी बोलायच्या, नसलेल्या माणसांना जेवायला वाढ म्हणायच्या. पूजाला ओळखायच्या नाहीत. एकदा तिला चोर समजून त्यांनी दार लावून घेतलं होतं. पूजाने सगळं न बोलता केलं. पोरगी आत्ता कुठे हसायला लागली आहे. घर असंच राहावं असं वाटतं.

दुसरं कोडं सुचलं की लिहीन. हल्ली लिहायला जरा वेळ लागतो. चष्म्याचा नंबर बदलला असणार.

शोभा


पारनेर
२२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय रंगनाथ आजोबा,

मी अनन्या, शोभाआजीची नात. आजीच्या उजव्या हाताला प्लास्टर आहे, म्हणून ती सांगते आहे आणि मी लिहिते आहे. आजी म्हणते, "रस्त्यात पाय घसरून पडले. मनगटाचं हाड मोडलंय, जुळेल. काळजीचं कारण नाही. गोजराबाईंना नमस्कार." एवढंच लिही म्हणाली.

यापुढचं मी माझ्या मनाने लिहिते आहे. आजीला माहीत नाही.

आजोबा, तिचा पाय घसरला नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला प्राथमिक शाळा आहे. शाळा सुटली होती आणि दुसरीची मुलं रांगेने बाहेर येत होती. आजी समोरून येत होती. ती थांबली नाही, बाजूला झाली नाही, सरळ त्या रांगेत चालत गेली. मी मागेच होते. मला वाटलं ती कुणाला तरी भेटायला पुढे जाते आहे. एक छोटी मुलगी तिच्या धक्क्याने पडली, तिचा ओठ फुटला आणि दात पडला. मग आजीही दगडावर पडली. त्या मुलीचं नाव ज्ञानेश्वरी. तिची आजी लंकाबाई तिथेच न्यायला आली होती. ती चिडून म्हणाली, "दिसत न्हाई का वं तुमाला? एवढं लेकरू फुडं हाय."

आजी खाली बसलेली, हात धरून. ती त्या मुलीकडे बघून म्हणाली, "मला वाटलं तू नाहीसच."

हे सगळ्यांनी ऐकलं. आईनेसुद्धा, ती आवाज ऐकून धावत आली होती. तेव्हापासून आई कमी बोलते. बाबा म्हणतात, वय झालं की असं व्हायचंच. रात्रीच्या जेवणाला कुणी त्या वाक्याचा विषय काढत नाही. आजी तर ओट्यावर बसायचीच बंद झाली आहे.

तुमची पत्रं ती भिंग घेऊन खूप वेळ वाचते आणि उशीखाली ठेवते. मी ती उघडलेली नाहीत. पण तुम्हाला काही माहीत असेल तर कृपा करून सांगा. आईच्या आईचं जे झालं तेच आजीचं होणार आहे का?

अनन्या


राजूर
३ मार्च २०२५

बाई,

हे पत्र अनन्या तुम्हाला वाचून दाखवेल. तिला माझी विनंती आहे की आधी दार लावून घे. आणि बाई, तुम्हाला नको वाटलं तर कुठल्याही ओळीवर तिला थांबवा. पुढे वाचायचं की नाही ते तुमच्या हातात.

अनन्याने मला खरं काय झालं ते कळवलं. तिच्यावर रागावू नका. तिचं पत्र वाचल्यावर मी तुमची दोन्ही पत्रं काढून पुन्हा वाचली. फुली आधी गेली, मोठं अक्षर, चष्म्याचा नंबर, सगळं समोर होतं. तुम्ही मला कोडं घातलं नव्हतं, मदत मागितली होती. आणि मी काय केलं, तर टोप्यांचं कौतुक केलं. रांगेत शिरा, हे माझ्याच हातचं वाक्य आहे. तुमचं मनगट आणि त्या लेकराचा दात, दोन्हींत माझा वाटा आहे. क्षमा मागतो.

दुसऱ्याच दिवशी संगमनेरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. मीही तुमच्याचसारखी सुरुवात केली, "समजा, एक बाई आहे." त्यांनी मला ऐकू येत नाही हे ओळखलं आणि पाटीवर लिहून बोलायला लागल्या. पहिलंच वाक्य त्यांनी लिहिलं ते असं: "त्या वेड्या नाहीत."

मग त्यांनी समजावलं. म्हातारपणी काहींच्या डोळ्याचा पडदा मधोमध झिजतो. कडेचं दिसत राहतं, मधलं पुसट होतं. मेंदूला जन्मभर भरपूर चित्रांची सवय. त्याला मधून काही मिळेनासं झालं की तो रिकामा बसत नाही, स्वतःच चित्रं काढतो. नक्षी, टोप्या, अनोळखी चेहरे, लहान आकाराची माणसं. आवाज नसतो. डोळे मिटले की बहुतेकदा जातात. आणि ज्याला दिसतं त्याला आतून माहीत असतं की हे खरं नाही. पूजाच्या आईंना ते माहीत नव्हतं. त्यांचा आजार वेगळा होता. तुम्हाला पहिल्या दिवसापासून शंका आहे, म्हणूनच तर तुम्ही विचारलंत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असे पुष्कळ जण येतात, पण सांगत नाहीत. घरचे काय म्हणतील म्हणून.

मी उठायला लागलो तेव्हा त्यांनी पाटी पुन्हा पुढे केली. तिच्यावर लिहिलं होतं: "आणि तुम्हाला काय ऐकू येतं?"

बाई, मी परत खाली बसलो. गेलं वर्षभर मला दुपारी लांबवर बँड वाजल्यासारखा ऐकू येतो. लग्नाच्या वरातीचा, क्लॅरिनेटसकट. सुरुवातीला गोजराला विचारायचो, आज कुणाचं लग्न आहे. ती म्हणायची, "आखाडात कुठलं लगीन?" मग विचारणं सोडून दिलं. तुम्हाला एवढी पत्रं लिहिली, त्यात डोळ्या-कानांची सगळी खुळं लिहिली, हे एक लिहिलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कानाचंही तसंच असतं. यंत्र बसवा, कमी होईल.

घरी येऊन गोजराला सांगितलं. ती कानाशी येऊन मोठ्याने म्हणाली, "मला वाटलं तुमी मनातल्या मनात कुनाच्या लग्नाला जाताय." मग तिने विचारलं, बँड चांगला वाजवतात का. मी म्हणालो, बरा वाजवतात.

तुम्ही नगरला चांगल्या डॉक्टरला डोळे दाखवा, आणि लवकर. पडद्याचं झिजणं कधीकधी थोपवता येतं, उशीर झाला तर नाही. त्यासाठी घरी सांगावं लागेल. सांगू नका असं लिहिणारा मीच होतो. ते शब्द मी परत घेतो.

रंगनाथ


पारनेर
१८ एप्रिल २०२५

सर,

प्लास्टर निघालं. हात अजून ताठ आहे, म्हणून अक्षर असं डगमगतं. पण हे पत्र मला कुणाकडून लिहवून घ्यायचं नव्हतं.

तुमचं पत्र अनन्याने दार लावून वाचायला घेतलं. तुम्ही दोन्ही पत्रं पुन्हा वाचलीत, इथवर ती आली आणि मी तिला थांबवलं. मला राग आला होता, सर. लपवलेलं असं कागदावर येऊन समोर उभं राहिलं की आधी राग येतो. मग तिला म्हटलं, आईला बोलाव आणि पहिल्यापासून वाच.

पूजा पदराला हात पुसत आली आणि उभ्यानेच ऐकत राहिली. तिच्या आईंचा उल्लेख आला तेव्हा ती खाली बसली. वाचून झाल्यावर अनन्याने पत्राची घडी घातली. मग तिने विचारलं, "आई, आत्ता इथे कुणी आहे?"

मी म्हटलं, आहेत, दाराजवळ.

ती उठली, दाराजवळ गेली, मी बोटाने दाखवलं तिथे बरोब्बर मधोमध उभी राहिली. "मी दिसते का?"

खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. म्हटलं, सरळ बघितलं की तुझा चेहरा जातो. जरा बाजूला बघितलं की कडेने येतेस.

"कधीपासून जातो माझा चेहरा?"

मी सांगितलं, गेल्या पावसाळ्यापासून. तेव्हा ती रडली. मांजराचं पिल्लू मेलं तरी रडणारी ही मुलगी, आई गेली तेव्हा रडली नव्हती; ती आत्ता रडली. मला वाटलं मी जे टाळायला बघत होते तेच झालं. पण थोड्या वेळाने ती डोळे पुसून माझ्या शेजारी येऊन बसली आणि विचारायला लागली. मुलं किती उंच आहेत, टोप्या लाल की विटकरी, पायात चपला आहेत का. स्वतःच्या आईंना ती कधी असं विचारू शकली नाही, सर. त्या उत्तर देण्यापलीकडे गेल्या होत्या. मी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होते आणि तिचा आवाज हळूहळू मोकळा होत होता. चपला नाहीत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

नगरच्या डॉक्टरांनी तुमच्या डॉक्टरीणबाईंसारखंच सांगितलं. डाव्या डोळ्याचं गेलं ते गेलं. उजव्यात इंजेक्शन देतात, ते थोडं धरून ठेवेल. आधी आले असते तर आणखी धरलं असतं, हेही त्यांनी सांगितलं. ते ऐकून घेतलं. घरी आल्यावर अमृतने ओट्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळा रंग मारला, कुणी न सांगता.

क्षमेबद्दल लिहिलंत. रांगेत शिरा हे तुम्ही लिहिलंत, पण "समजा" मी लिहिलं होतं. दोघांनी वाटून घेऊ. आणि कानाचं यंत्र आलं का? त्या आधी एक करा, तुमचा बँड कोणती चाल वाजवतो ती नीट ऐकून कळवा. ओळखीची आहे की माझ्या मुलांसारखी अनोळखी, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

शेवटचं सांगायचं राहिलं ते ज्ञानेश्वरीचं. तिच्या घरी जायचं धैर्य होत नव्हतं. परवा पूजाला घेऊन गेले. लंकाबाई दारातच होत्या. मी सगळं सांगितलं, डोळ्यांचं, रांगेचं, न लपवता. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाल्या, "माज्या सासूलाबी दिसायचं, बाया दळताना दिसायच्या. आमी म्हनायचो म्हातारी चळली," आणि आत या म्हणाल्या. मुलीला हाक मारली. आतल्या दारात दोन मुली येऊन उभ्या राहिल्या, दोघी एवढ्याएवढ्या, दोघी माझ्याकडे बघणाऱ्या. मी लंकाबाईंना हळूच विचारलं, घरात मुली किती. एकच, त्या म्हणाल्या.

पुढे जायला माझा पाय उचलेना. चुकीच्या मुलीची माफी मागायची नव्हती आणि खरीच्या अंगावर पुन्हा जायचं नव्हतं. मग मी वर्गात घ्यायचे तशी हजेरी घेतली. "ज्ञानेश्वरी."

"ओ," डावीकडची म्हणाली.

मी तिच्यापाशी जाऊन बसले, दारात मला दोन मुली दिसल्या हे सांगितलं आणि माफी मागितली. ती म्हणाली, दात हालतच होता. नवा आलाय, तो हात लावून बघा म्हणाली. मी बोट लावलं. कड अजून करवतीसारखी आहे. तेवढ्यात तिने विचारलं, दुसरी मुलगी अजून आहे का. मी वर पाहिलं, होती. ज्ञानेश्वरीने मागे वळून रिकाम्या दाराकडे जरा वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, ती माझ्यासारखी दिसते का. मी म्हटलं, नाही, तुझे कान मोठे आहेत.

आता मी रोज शाळा सुटायच्या वेळी ओट्यावर बसते. रस्त्यात निघाले आणि समोर रांग दिसली की थांबते आणि विचारते, "कोण आहे रे?" खरी असली तर सगळी एका आवाजात ओरडतात. नसली तर पुढे चालू लागते. ज्ञानेश्वरीने ही गोष्ट शाळाभर केली आहे, त्यामुळे गल्लीत फार गोंगाट असतो. काल त्यांनी ठरवून गप्प राहायचं केलं. मी विचारलं, कुणी बोलेना. पुन्हा विचारलं, कुणी हलेना. मी एक पाऊल टाकलं, आणि रांगेत शेवटी कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळीच हसत सुटली.

शोभा